दर 2000 तासांनी तेल बदला म्हणणाऱ्यांनो, आधी एकदा सॅम्पल तरी काढा

भोसरी_मेंटेनन्स
काल इथे एकाने ठणकावून लिहिलंय की ऑईल टेस्टिंग म्हणजे मोठ्या कंपन्यांचे चोचले, छोट्या शॉपने 2000 तास भरले की हायड्रॉलिकचं तेल काढायचं, नवीन ओतायचं, विषय संपला. आणि खाली सगळे माना डोलावतायत. राहवलं नाही म्हणून एवढं लांबण लावतोय.

अरे, टाकी 45 डिग्रीला चालते की 65 ला ते बघाल की नाही? तापमान 10 डिग्रीने चढलं की तेल खराब व्हायचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे गार चालणाऱ्या मशीनचं चांगलं तेल तुम्ही गटारात घालताय, आणि जिथे कूलरची ट्यूब फुटून पाणी शिरलंय ते मशीन 2000 तासांची वाट बघत पंप खाऊन बसतंय. व्हिस्कोसिटी (तेलाचा घट्टपणा), ऍसिड नंबर (तेल किती आंबलंय ते), पाणी आणि कचऱ्याचा काउंट, एवढंच तर बघायचं असतं. 68 नंबरच्या तेलाची व्हिस्कोसिटी 40 डिग्रीला 61.2 ते 74.8 सेंटीस्टोकमध्ये यायला हवी, ती घसरून 55 वर आली तर कुणीतरी 46 चा डबा ओतलाय हे लॅबवाला न बोलावता कळतं.

आणि नवीन म्हणजे स्वच्छ हे कुणी सांगितलं? सर्व्हो व्हॉल्व्हला (बारीक फटींच्या कंट्रोल व्हॉल्व्हला) लागतं तेवढं स्वच्छ तेल सीलबंद बॅरलमध्येसुद्धा बहुतेक वेळा नसतं. फिल्टर ट्रॉली न लावता बादलीने भरताय, मग दर बदलीला कचराच घालताय की.

शिरोलीचा_फिटर
साहेब, एसी केबिनमधून छान दिसतं हे. आमची फाउंड्री. वाळू हवेतच असते. सॅम्पल पाठवायचं, रिपोर्ट आठवड्याने येणार, तोवर व्हॉल्व्ह चिकटून लाइन बंद. आणि रिपोर्ट वाचणार कोण? मालकाला कचऱ्याच्या काउंटचा कोड 21/19/16 दाखवला तर म्हणाला, ही कुठली मॅच? मी ठरल्या वेळी तेल काढतो म्हणून माझे पंप टिकलेत, बाकी थिअरी राहू द्या.

भोसरी_मेंटेनन्स
वाळू आत जाते कुठून ते सांगा. टाकीच्या झाकणावर ब्रीदर (आत जाणारी हवा गाळणारा फिल्टर) आहे की नुसती चिंधी कोंबलीय?

शिरोलीचा_फिटर
चिंधी आहे. मग?

भोसरी_मेंटेनन्स
मग काय, नमस्कार.

कोरडी_बेअरिंग
तुम्ही तेलावर भांडा, खरा सत्यानाश ग्रीसने होतो. आमच्याकडे पोरगा गन घेऊन निघाला की मोटरच्या सीलमधून बाहेर येईपर्यंत मारतो, जुनं ग्रीस बाहेर पडायला ड्रेन प्लग उघडायचा असतो हे त्याच्या गावी नाही. 6313 नंबरच्या बेअरिंगला हिशोब काय? बाहेरचा व्यास 140 मिमी गुणिले रुंदी 33 मिमी, गुणिले 0.005, म्हणजे 23 ग्रॅम. एवढंच! जास्त मारलं की ग्रीस घुसळत राहतं, बेअरिंग तापतं, मग 'बेअरिंग तापलंय, ग्रीस मारा'. गन एका स्ट्रोकला किती सोडते हे वजनकाट्यावर कुणी मोजलंय का इथे?

त्यात खरेदी खात्याने गुपचूप ब्रँड बदलला. मोटरमध्ये आधी पॉलियुरिया थिकनरचं (ग्रीस घट्ट करणारा घटक) ग्रीस होतं, वर लिथियमचं गेलं. दोघांचं पटलं नाही, ग्रीस पातळ होऊन वाइंडिंगवर उतरलं. मोटर रिवाइंडिंगला, शिव्या मेंटेनन्सला.

खरेदी_खातं
आलंच आमच्यावर. इंडेंटवर (मागणीपत्रावर) काय लिहून येतं माहितीय? 'ग्रीस, चांगलं, 18 किलो.' बास. थिकनर नाही, एनएलजीआय नंबर (ग्रीस किती घट्ट ते) नाही, बेस ऑईलची व्हिस्कोसिटी नाही. आम्ही काय स्वप्नात बघायचं पॉलियुरिया का लिथियम? तीन कोटेशन घेतो, स्वस्त असेल ते देतो, ऑडिटला तेच लागतं.

कोरडी_बेअरिंग
फोन करून विचारता येतं. आधीच्या बादलीवरचं लेबल वाचता येतं. मेंटेनन्सवाल्यांना डोकं नसतं असं समजूनच बसलाय तुम्ही.

खरेदी_खातं
फोन केला तर 'नेहमीचंच पाठवा'. आणि लेबल कुठलं हो, बादली तुमच्या पोरांनी आंघोळीला नेलेली असते.

साखरपट्ट्यातला
खरेदीवाले जरा गप्प बसा, तुमचंच स्टोअर बॅरल उभी करून पावसात ठेवतं. झाकणावर पाणी साचतं, दिवसा तापतं रात्री गार होतं, आणि बूच घट्ट असलं तरी ते पाणी आत ओढलं जातं. आडवी ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या 3 आणि 9 वर येतील अशी. हे सांगून सांगून घसा बसला, उत्तर एकच, 'आडवी ठेवली तर जागा जास्त लागते.' आमच्या मिलच्या गिअरबॉक्सचं 320 नंबर तेल सीझन सुरू व्हायच्या आधीच चहासारखं झालेलं.

खरेदी_खातं
शेड मागितलीय दोन वर्षं. मंजुरी आली की तुमच्या हस्ते नारळ फोडू.

भोसरी_मेंटेनन्स
मूळ विषय हायड्रॉलिक तेलाचा होता, आठवण करून देतो.

कोरडी_बेअरिंग
मूळ विषयाने कुणाची मोटर जळत नाही.

शिरोलीचा_फिटर
बरं, लॅबला दमडी देणार नाही, पण घरबसल्या पाणी कळायला काही आहे का तेवढं सांगा. भाषण नको.

भोसरी_मेंटेनन्स
हॉटप्लेट दीडशे डिग्रीला तापवा, ड्रॉपरने दोन थेंब टाका, चष्मा घाला. तडतडलं, बुडबुडे आले, की पाणी आहे. किती ते नाही कळणार, आहे एवढं कळेल. अगदी थोडं असेल तर ह्यात सापडणारही नाही.

शिरोलीचा_फिटर
केलं. तडतडलं. तरी 2000 तासांना तेल काढणारच मी.

भोसरी_मेंटेनन्स
काढा हो. चिंधी तेवढी आधी काढा.

साखरपट्ट्यातला
काढलेलं तेल कुणाला देता? भंगारवाल्याला ना? ते हॅझार्डस वेस्टमध्ये येतं, अधिकृत रिसायकलरलाच द्यावं लागतं, प्रदूषण बोर्डाची नोटीस आली की समजेल.

शिरोलीचा_फिटर
आता हे कुठून काढलं? वेगळा धागा काढा.

खरेदी_खातं
कोरडी_बेअरिंग, पुढच्या इंडेंटला थिकनर, ग्रेड, बेस ऑईल सगळं लिहून पाठवा, नाही तेच मागवलं तर बोला. आणि वर लाल पेनाने 'अर्जंट' लिहू नका, माझ्या टेबलावर अर्जंट नसलेला इंडेंट अजून आलेला नाही.