अंगणातली दगडी फरशी: तुमची कशी बसली?

आमच्या घरामागे 20 बाय 15 फुटांची मोकळी जागा आहे. संध्याकाळी खुर्च्या टाकून बसता यावं म्हणून मागच्या वर्षी तिथे शहाबादी फरशी टाकून घेतली. या वर्षी तीच फरशी सगळी उचलून पुन्हा टाकली. म्हणून हा धागा.

गवंड्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ताई, किती उकरायचं?" मी म्हटलं, वीतभर पुरे. तिथेच फसले. आमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की फूटपट्टी आत जाते आणि पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते. वीतभर उकरून, त्याच मातीवर दोन बोटं कच (दगडाचा बारीक चुरा) पसरून दोन बाय दोनच्या लाद्या बसवल्या. मे महिन्यात दृष्ट लागेल असं दिसत होतं. ऑगस्टात मधल्या लाद्या वर आल्या, कडेच्या जागच्या जागी राहिल्या आणि सगळं पाणी स्वयंपाकघराच्या जोत्याशी साचायला लागलं. आतल्या भिंतीला ओल आली तेव्हा जाग आली.

दुसऱ्या वेळी दीड फूट माती काढली. (ती शेजारच्या काकांनी बागेसाठी हसत हसत नेली. त्यांचं सोनं झालं.) मग मुरूम. एक फूट भर, पण एकदम नाही: सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मस, पुन्हा सहा इंच, पाणी, धुम्मस. कागदावर हिशेब 300 घनफूट, म्हणजे तीन ब्रास. चोपल्यावर मुरूम दबतो हे मी धरलंच नव्हतं, शेवटी पावणेचार ब्रास लागला. त्यावर तीन इंच खडी आणि कच, वर दीड इंच माल (सिमेंट-वाळूचा), मग फरशी. ढाळ घरापासून बाहेर, 15 फुटांत तीन इंच. चालताना कळतही नाही, पाण्याला मात्र कळतं.

आता तुम्ही सांगा. कुठली माती, कुठला दगड, काय चुकलं. दर लिहू नका, ते गावागणिक वेगळे असतात आणि मग नुसती भांडणं होतात.

चुडत:
सिंधुदुर्ग. आमच्याकडे अंगणाला खळं म्हणतात आणि दगड म्हटला की जांभा. घर बांधताना उरलेले चिरे (जांभ्याचे कापलेले ठोकळे) होते, शिवाय आजोबांच्या वेळचा एक गडगा (दगडी कुंपण) पडला होता, त्याचे जुने चिरे. खाणीतून नुकताच निघालेला चिरा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो. वारा लागला की कडक होत जातो. म्हणून जुने चिरे चालत्या वाटेवर आणि नवे कडेला टाकले. खालची जमीन जांभ्याचीच, घट्ट, त्यामुळे उकरायचा त्रास नाही. वाळूवर बसवले.

चूक सांध्यांत झाली. दोन चिऱ्यांच्या मध्ये सिमेंट भरलं, नीटनेटकं दिसावं म्हणून. पहिल्या पावसात पाणी मुरायला जागाच नाही. श्रावणात शेवाळ असं धरलं की मोठे काका सपशेल आडवे झाले, सुदैवाने मनगटावर निभावलं. पुढच्या उन्हाळ्यात बसून सगळं सिमेंट छिन्नीने काढलं आणि सांध्यांत जाडसर वाळू भरली. आता पाणी जिरतं. शेवाळ येतंच, जांभा आहे तो, पण तारेच्या ब्रशने निघतं. शिवाय मृगाआधी दारापासून विहिरीपर्यंत चुडतं (माडाच्या झावळ्या) अंथरतो, पूर्वीसारखी. आये म्हणता, "शेणान सारवलेला खळाच बरा होता." दरवर्षी पाऊस गेल्यावर अंगण चोपायला आता कोण येतंय, हे तिला विचारायची माझी हिंमत नाही.

उन्हाळी वाळवण:
कडप्पा अंगणात टाकू नका. काळा कुळकुळीत, दिसतो सुंदर. एप्रिलात दुपारी दोन वाजता तुळशीला पाणी घालायला अनवाणी गेले होते. एकदाच गेले.
(पापड मात्र झकास वाळतात.)

ओळंबा:
वडील गवंडी होते, मी शाळा सुटली की त्यांच्या हाताखाली. धागाकर्त्या ताईंचा गवंडी वाईट नव्हता, त्याने विचारलं तरी. बरेच जण विचारतही नाहीत.

काही गोष्टी. फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) आखणी झाली की काटकोन तपासा. गुण्या (काटकोनी पट्टी) लहान पडतो. कोपऱ्यापासून एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट यायला हवं. मोठ्या अंगणाला 6, 8 आणि 10 घ्या. हे चुकलं की शेवटच्या ओळीत लाद्या पाचरीसारख्या कापाव्या लागतात आणि जन्मभर तेच डोळ्यात भरतं.

ढाळ डोळ्याने नाही, पाण्याच्या नळीने. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन टोकांना पाणी एका पातळीवर. तिथून खाली मोजून दोरी बांधायची. आधी चार कोपऱ्यांच्या लाद्या पक्क्या करायच्या, मग दोरीने मधल्या.

आणि शहाबादी म्हणजे कारखान्यातली टाईल नव्हे. एक लादी इंचाची, तर दुसरी दीड इंचाची. म्हणून माल थोडा जास्त घ्यायचा आणि ठोकून पातळीला आणायची. बसवलेली लादी दुसऱ्या दिवशी हातोडीच्या दांड्याने वाजवून बघायची. भरीव वाजली तर ठीक. बद्द, पोकळ वाजली तर खाली माल पोचलेला नाही. तेव्हाच उचला. वडील प्रत्येक लादी वाजवायचे. मालक चहा घेऊन उभा असला तरी आधी लादी, मग चहा. दर्जा (लाद्यांच्या सांध्यांत सिमेंट) भरल्यावर सात दिवस ओली पोती. याला लोक कंटाळतात आणि नंतर सांधे भुगा होऊन निघाले की सिमेंटला शिव्या देतात.

धुक्यातला:
मी इंग्लंडात, लीड्सजवळ. इथे घरामागे पॅटिओ करायची भारी हौस आणि त्यात भारतातला वालुकाश्म अतिशय चालतो. माझ्या दारात पेट्या उतरल्या तेव्हा कळलं की दगड राजस्थानचा, बुंदीकडचा. म्हणजे तोही माझ्यासारखाच समुद्र ओलांडून आलेला.

इथला शत्रू थंडी. खाली पाणी साचलं की गोठतं, गोठलं की फुगतं आणि लादी उचलते. तुमच्या काळ्या मातीचंच काम इथे बर्फ करतो. म्हणून 100 मिलिमीटर दगडचुरीचा थर, यंत्राने दाबून. दुसरा नियम, भिंतीत ओल अडवणारा पट्टा असतो, त्याच्या 150 मिलिमीटर खाली फरशी राहिली पाहिजे.

आमच्या कंत्राटदाराने शॉर्टकट मारला. पूर्ण थर न घालता प्रत्येक लादीखाली मालाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. झाकलं की कोणाला दिसतंय? दिसतं! वर्षभरात प्रत्येक लादीवर त्या पाच गोळ्यांचे डाग उमटले, फाशावरच्या पाचासारखे. हिवाळ्यात तीन लाद्या डुगडुगल्या. मग मी स्वतः उचलल्या. पूर्ण थर घातला, लादीच्या पाठीला सिमेंटचा पातळ लेप देऊन बसवल्या. हा लेप विसरू नका, नाहीतर वालुकाश्म मालाला धरत नाही.

लिंबू सरबत:
कोटा टाकला होता. कामानंतर सिमेंटचे डाग राहिले, कोणीतरी म्हणालं, संडास साफ करायचं अ‍ॅसिड टाक. टाकलं. फरशी फसफसली! डाग गेले, चकाकीही गेली, आणि तिथे आता पांढरट नकाशा आहे. कोटा, शहाबादी, तांदूर, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. आम्ल लागलं की संपलं. चिंचेचं पाणी, लिंबू सांडलं तरी लगेच पुसा. माझ्या नावावर हसू नका.

आळं:
आमच्या चिकूच्या बुंध्यापर्यंत फरशी नेणार होतो, "सलग दिसेल" म्हणून. बायकोने चार फुटांचं गोल आळं सोडायला लावलं. आज बघतो तर एका बाजूने मूळ वर येऊन आळ्याच्या काठाला लागलंय. फरशी असती तर तीही उचलली असती. आळ्याभोवतीची लाद्यांची ओळ मुद्दाम मालाशिवाय, नुसत्या वाळूवर ठेवली आहे, म्हणजे उद्या काढता येईल.

चुडत:
@ओळंबा, एक विचारायचं होतं. आता घरामागे मुरूम टाकायचा आहे. लाल घ्यावा की पिवळा? खाणवाला म्हणतो लालच चांगला.

ओळंबा:
रंग नका बघू. मूठभर ओला करून दाबा. गोळा झाला पाहिजे, हाताला चिकटला नाही पाहिजे. चिकटला तर त्यात मातीच जास्त आहे. आणि हे गाडी रिकामी व्हायच्या आधी करा, नंतर तो परत भरून नेत नाही.