मदत हवी आहे : रायफलचे हँडगार्ड स्वतः बदलावे की गनस्मिथकडे सोपवावे?

सर्व सभासदांना नमस्कार. मी गेली बारा वर्षे टेक्सासमध्ये राहतो, ग्रीन कार्डधारक आहे, आणि महिन्यातून दोनदा रेंजवर कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतो. येथे एआर-१५ बाळगणारे आणि तिची देखभाल स्वतः करणारे काही मराठी सभासद आहेत, म्हणून हा प्रश्न मराठीतच विचारतो आहे.

माझ्या रायफलची नळी १६ इंची असून तिच्यावर कारखान्यातून आलेले, प्लास्टिकचे दोन भागांचे हँडगार्ड (नळीभोवतीचे, हाताने धरायचे आवरण) आहे. मागे स्प्रिंगची डेल्टा रिंग आणि पुढे पत्र्याची टोपी, या दोहोंच्या मध्ये ते अडकलेले असते. अडचण अशी, की पट्टा हाताला गुंडाळून ताण दिला, किंवा हँडगार्डखालच्या द्विपादावर (दोन पायांच्या टेकूवर) भार टाकला, की तो दाब टोपीमार्फत थेट नळीवर जातो आणि गोळ्यांचा गट सरकतो. १०० यार्डांवर पट्टा सैल असताना आणि ताणलेला असताना मिळणारे दोन गट मी चार वेळा तपासले, आणि प्रत्येक वेळी सरकण्याची दिशा तीच निघाली. त्यामुळे केवळ मागच्या बॅरल नटवर (नळी रायफलच्या सांगाड्याला जखडणाऱ्या नटवर) बसणारे आणि नळीला कोठेही न टेकणारे १३ इंची फ्री-फ्लोट हँडगार्ड मी विकत घेतले.

खोके उघडल्यावर लक्षात आले, की हे काम दिसते तेवढे सोपे नाही. नवे हँडगार्ड स्वतःच्या वेगळ्या बॅरल नटसह येते. जुना नट काढायचा तर पुढची माशी, म्हणजे फ्रंट साइट बेस, नळीवरून उतरवावी लागते, कारण नट तिच्यावरून निघत नाही. ही माशी दोन निमुळत्या पिनांनी नळीला जखडलेली आहे. भिंगाखाली पाहिले, तर उजवीकडची टोके डावीकडच्यांपेक्षा किंचित मोठी दिसतात. म्हणजे रायफल खांद्याला लावलेली असता पिना डावीकडून उजवीकडे ठोकायच्या. एक दिवस तेल सोडून ठेवले आणि पितळी हातोडीने प्रयत्न केला, पण पंचाचे टोक वाकले आणि पिन जागची हलली नाही. तेथे मी थांबलो.

माझे शिक्षण मेकॅनिकलचे आहे आणि चिंचवडच्या एका कारखान्यात मी सहा वर्षे जुळणी विभागात काम केले आहे, त्यामुळे नट आवळण्याची मला भीती नाही. बॅरल नटसाठी ३० ते ८० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ४१ ते १०८ न्यूटन-मीटर, एवढी रुंद मर्यादा असते आणि माझा टॉर्क पाना त्यात चांगला चालतो. मात्र अपर रिसीव्हर (नळी ज्याला जोडलेली असते तो सांगाड्याचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचा असल्यामुळे तो नुसताच व्हाइसमध्ये धरला, तर पिळवटतो आणि नळीचा मार्गदर्शक खुंटा ज्या खाचेत बसतो ती खाच खराब होते, हेही मला ठाऊक आहे. योग्य ठोकळा, पंचांचा संच आणि नटाचा खास पाना घ्यायचा, तर खर्च १५० डॉलरच्या आसपास जातो. गावातल्या गनस्मिथने संपूर्ण कामाचे १२० डॉलर सांगितले आहेत.

पैशांच्या हिशेबाने उत्तर सरळ आहे, तरीही मन होत नाही. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात दुर्बीण बसवून घेतली होती. तेथे कड्यांचे स्क्रू इतके आवळले गेले, की दुर्बिणीच्या नळीवर गोल वळ उमटला, आणि तो मला घरी आल्यावर दिसला. तेव्हापासून मी स्वतः तपासू शकत नाही असे काम दुसऱ्याकडे देताना मनात धास्ती असते. म्हणून माझा नेमका प्रश्न असा आहे : या कामातले कोणते टप्पे केल्यानंतर घरच्या साधनांनी पडताळता येतात, आणि कोणते येत नाहीत? जे पडताळता येत नाहीत, तेवढेच कारागिराकडे द्यावेत असा माझा विचार आहे.

(जे सभासद एच-१बीसारख्या व्हिसावर आहेत, त्यांनी हे वाचून उत्साहाने खरेदीला जाऊ नये, ही कळकळीची विनंती. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर संघीय कायद्याने त्यांना बंदूक आणि दारूगोळा बाळगण्यास मनाई आहे.)

प्रतिसाद १

तुम्ही पिनेपाशी थांबलात हे फार चांगले केलेत. पिन वाकडी मारली, की तिचे डोके पसरते आणि मग ती ड्रिलने काढावी लागते. त्यात माशीचे भोक बिघडले, तर ती माशी पुन्हा घट्ट बसत नाही. गनस्मिथ नळीखाली भक्कम आधार देतो, आखूड व जाड पंच लावतो आणि जड हातोडीचा एकच नेमका घाव घालतो. आपण घरी हलक्या हाताने वीस घाव घालतो, आणि त्यानेच नुकसान होते.

बॅरल नट तुम्ही निःशंकपणे स्वतः बसवा. आट्यांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ग्रीस लावा. ग्रॅफाइट असलेले लावू नका, कारण पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ते गंजाला निमंत्रण देते. ३० फूट-पौंडांवर आवळा, सैल करा, असे दोनदा करून तिसऱ्यांदा अंतिम आवळा, म्हणजे आटे एकमेकांत नीट बसतात. नव्या नटाच्या उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल, तर तोच पाळावा.

तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर गॅस ब्लॉकमध्ये आहे. माशी काढल्यावर तिच्या जागी बुटका गॅस ब्लॉक (गोळी सुटताना नळीतला थोडा गॅस बोल्टकडे वळवणारा ठोकळा) येईल आणि त्याचे छिद्र नळीच्या छिद्रावर तंतोतंत यावे लागते, पण एकदा बसवल्यावर ते बाहेरून दिसत नाही. त्यात एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मूळ रचनेत माशी आणि नळीची पायरी यांच्यामध्ये ती पत्र्याची टोपी असते, आणि नळीचे छिद्र टोपीची जाडी धरून पाडलेले असते. टोपी काढून नवा ब्लॉक पायरीला भिडवला, तर तो सुमारे ०.६ मिलिमीटर मागे बसतो. टोपीच्या जाडीएवढी फट तेथे राखली पाहिजे. शिवाय ब्लॉकचा स्क्रू नुसताच नळीवर टेकला, तर तापल्यावर सैल होऊ शकतो. म्हणून कारागीर छिद्राच्या नेमक्या विरुद्ध बाजूला उथळ खळगा पाडतो आणि स्क्रूचे टोक त्यात बसवतो.

याची पडताळणी रेंजवर होते. मॅगझिनमध्ये एकच गोळी भरून झाडावी. रिकाम्या मॅगझिनवर बोल्ट मागे अडकून राहिला, तर पुरेसा गॅस पोहोचतो आहे. हे दहा वेळा, आणि तुम्ही वापरता त्यांतल्या सर्वांत सौम्य काडतुसांनी करून पाहावे.

प्रतिसाद २

आणखी एक मार्ग सुचवतो. काही फ्री-फ्लोट हँडगार्ड मूळच्याच बॅरल नटवर पकड घेऊन बसतात. डेल्टा रिंग कापून काढावी लागते, पण माशी, तिच्या पिना आणि गॅस ट्यूब यांना हात लागत नाही. मात्र ते बहुधा आखूड असतात. आणि तुमच्या नळीची लांबी टोकाला पिन व वेल्ड केलेल्या फ्लॅश हायडरसह (झाडताना दिसणारी ज्वाला कमी करणाऱ्या तुकड्यासह) १६ इंच होत असेल, तर तो घरी मुळीच काढू नका. तो निघताच कायद्याच्या दृष्टीने ती आखूड नळीची रायफल ठरते.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

दोघांचे मनःपूर्वक आभार. बोल्ट बंद करून तोंडाकडून गज सरकवून मोजले. नळी स्वतःचीच १६ इंच आहे आणि फ्लॅश हायडर आट्यांवर साधा बसवलेला आहे, म्हणजे ती काळजी मिटली. टोपीच्या जाडीची गोष्ट मला खरोखरच ठाऊक नव्हती, आणि मी ब्लॉक पायरीला भिडवूनच बसवला असता.

आता असे ठरवले आहे, की पिना काढणे आणि खळगा पाडणे ही दोन कामे गनस्मिथकडे द्यायची, आणि नट व हँडगार्ड स्वतः बसवायचे. त्याला दूरध्वनी केला, तेव्हा एवढेच काम करण्यास तो तयार झाला आणि फक्त अपर आणा म्हणाला. कायद्याने बंदूक म्हणजे क्रमांक असलेला लोअर रिसीव्हर (सांगाड्याचा खालचा भाग), त्यामुळे तो घरच्या तिजोरीतच राहील आणि दुकानाच्या नोंदवहीचाही प्रश्न येणार नाही. शनिवारी नवा गॅस ब्लॉक सोबत घेऊन जातो आहे. जुनी टोपी मायक्रोमीटरने मोजून त्याच जाडीची पत्र्याची पट्टी कापून ठेवली आहे, म्हणजे काम परत घेताना फट त्याच्यासमोरच तपासता येईल. नळीच्या छिद्राची मध्यरेषा बाहेरून आखण्याची एखादी खात्रीची पद्धत कोणाला माहीत असल्यास कृपया शुक्रवारपर्यंत कळवावी.