मदत हवी आहे: आव्यातल्या माठांना बुडाशी तडे

घरचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कुंभारकाम, आता आवा, म्हणजे माठ भाजायची भट्टी, मी लावतो. चाकावरून उतरवून थापटून वाढवलेल्या काही माठांच्या बुडाला अर्धगोल तडा जातो. कडा ब्लेडसारख्या धारदार, आत काजळीचा मागमूस नाही, म्हणजे सुकताना नव्हे, निवताना जात असावा. ५७३ अंशांजवळ मातीतला क्वार्ट्झ (गारगोटीचे कण) एकदम आक्रसतो, हे माहीत आहे.

सावलीत दहा दिवस सुकवून पाहिलं, लीद-राख वाढवली, आवा दोन दिवस उघडला नाही. फरक नाही. तडे फक्त खालच्या, बाहेरच्या ओळीत.

माती बदलायची नाही, आजीपासून हीच आहे. विजेची भट्टीही नको.

बाहेरून खापरांचा आडोसा वाढवू, की मातीत खापरांची भुकटी मिसळू? मिसळली तर किती बारीक, आणि थापटताना माठ फाटेल का?