४एस आधी भरते, तरी आधीच रिकामे होते
अणूच्या चौथ्या कवचातले ४एस उपकवच (कवचाचा एक भाग) तिसऱ्या कवचातल्या ३डीच्या आधी भरते, म्हणून आयन होताना आधी ३डीतले इलेक्ट्रॉन जायला हवेत, हा वरच्या प्रतिसादातला तर्क सरळ वाटला तरी लोहाच्या बाबतीत टिकत नाही. लोहाच्या २६ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १४, २ अशी असते. फेरस आयन (दोन इलेक्ट्रॉन गमावलेले लोह) होताना चौथ्या कवचातले, म्हणजे ४एसमधले, दोन्ही जातात आणि तिसऱ्यातले १४ जागेवर राहतात. त्या १४ पैकी एक जातो तो पुढच्या पायरीवर: फेरस सल्फेटचे फिकट हिरवे द्रावण चंचुपात्रात उघडे ठेवल्यावर हळूहळू पिवळसर पडते, तेव्हा हवेतला ऑक्सिजन तो इलेक्ट्रॉन काढून घेत असतो.

या चर्चेत स्कँडियमचा उल्लेख व्हायला हवा होता, कारण खरा उलगडा तिथेच होतो. पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या अणूंत ४एसची ऊर्जा ३डीपेक्षा कमी असते, हे मान्य. परंतु अणुकेंद्रकावरचा धनप्रभार वाढला की ३डी झपाट्याने खाली येते. स्कँडियमचे तीन इलेक्ट्रॉन काढल्यास अर्गॉनची मांडणी उरते, आणि तीत एक इलेक्ट्रॉन परत आला तर तो ३डीमध्ये जातो, ४एसमध्ये नव्हे. वर्णपटाच्या अभ्यासातून हे स्पष्ट झालेले आहे. उरलेले दोन मात्र ४एसमध्ये जातात, कारण ३डी आटोपशीर असल्याने तेथे इलेक्ट्रॉनांचे परस्परांतील प्रतिकर्षण फार वाढते, तर ४एस बरेच पसरट असते. अकरावीला पाठ केलेला भरणीचा क्रम उदासीन अणूंसाठी आहे. आयनांसाठी तो वापरू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.