लांब उडी : सिंथेटिक ट्रॅकवर तिन्ही उड्या फाऊल, रन-अप कसा बसवावा?

प्रश्न (क्रीडाशिक्षक, माध्यमिक शाळा)

आमची एक विद्यार्थिनी १७ वर्षांखालील गटात लांब उडी मारते. शाळेच्या मैदानावरील मातीच्या धावपट्टीवर ती नेहमी साडेचार मीटरच्या पुढे जाते आणि जिल्हा स्पर्धेपर्यंत तिला फाऊलची अडचण कधी जाणवली नव्हती. विभागीय स्पर्धा मात्र सिंथेटिक ट्रॅकवर होती आणि तेथे तिचे तिन्ही प्रयत्न फाऊल ठरले. तिसऱ्या वेळी तर ती उडी घेण्याच्या फळीकडे बघत, पावले आखडत आली. त्यामुळे वेगही गेला आणि उडीही गेली. तिचा रन-अप चौदा पावलांचा आहे आणि ती डाव्या पायावर उडी घेते. फळीवर पाय अचूक पडावा यासाठी कोणता सराव घ्यावा? हवेत हिच किक (धावल्यासारखे पाय फिरवणे) शिकवल्यास अंतर वाढेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (ॲथलेटिक्स प्रशिक्षक)

सर, फाऊल फळीवर दिसतो, परंतु बहुतेक वेळा तो पहिल्या तीन-चार पावलांत ठरलेला असतो. मातीवर पाय किंचित घसरतो आणि पाऊल आखूड पडते. सिंथेटिकवर स्पाइक्स (बुटांच्या तळाचे खिळे) घट्ट पकडतात, प्रत्येक पाऊल थोडे थोडे लांबते आणि चौदा पावलांत ती वाढ साचून खेळाडू फळीच्या पलीकडे पोहोचते. त्यामुळे मातीवरचे माप जसेच्या तसे तेथे चालणार नाही. अंतर नव्याने बसवावे लागते, आणि ते फळीपाशी नव्हे तर मोकळ्या ट्रॅकवर बसवावे.

सुरुवात उभ्या स्थितीतून ठेवा, कारण चालत येऊन धावायला लागणाऱ्या मुलांचे पहिले पाऊल रोज वेगळे पडते. तिने डावा पाय खुणेवर ठेवून उजव्या पायाने निघावे, म्हणजे चौदावे पाऊल डावे येईल. मनात फक्त डावी पावले मोजायला शिकवा : सातवे डावे पाऊल म्हणजे उडी. फळी डोळ्यांसमोर नसताना ती पूर्ण वेगाने धावू दे आणि चौदावे पाऊल कोठे पडते ते आपण खडूने टिपा. काही धावांनंतर खुणा एका जागी जमू लागल्या की ते अंतर टेपने मोजून धावपट्टीवर घ्या.

दुसरी खूण आपल्यासाठी असावी, तिच्यासाठी नव्हे. फळीच्या सहा पावले अलीकडे डावा पाय जेथे पडायला हवा तेथे ती करा आणि बाजूला उभे राहून पाहा. तेथेच पाय पुढे पडत असेल तर दोष सुरुवातीत आहे. तेथे पाय बरोबर पडूनही फाऊल होत असेल तर ती शेवटची पावले ताणते आहे. या दोन दोषांवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे निरीक्षण टाळू नये.

उत्तर २ (माजी खेळाडू)

वरील मताशी मी सहमत आहे. त्यात वाऱ्याची भर घालतो. समोरून वारा असेल तर पावले आखूड पडतात, म्हणून सुरुवातीची खूण थोडी फळीकडे सरकवावी. पाठीमागून वारा असेल तर ती मागे न्यावी. तसेच १ नोव्हेंबर २०२१ पासून नियम बदलला आहे. पूर्वी फळीपुढच्या प्लॅस्टिसिनवर (मऊ मातीसारख्या पदार्थाच्या पट्टीवर) ठसा उमटला की फाऊल धरत. आता उडी घेताना बुटाचे टोक टेक-ऑफ रेषेच्या, म्हणजे फळीच्या खड्ड्याकडील कडेच्या, उभ्या पातळीपुढे गेले तरी प्रयत्न बाद होतो. म्हणून सरावात फळीच्या मध्यावर पाय पडेल असेच लक्ष्य ठेवावे.

स्पर्धेत दोन फाऊल झाल्यावर काय करावे, याचे उदाहरण १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये आहे. पात्रता फेरीत अमेरिकेचा लांब उडीपटू बॉब बीमन याचे पहिले दोन प्रयत्न फाऊल होते. तिसऱ्या वेळी त्याने फळीच्या बऱ्याच अलीकडून उडी घेतली आणि अंतिम फेरी गाठली. तेथे त्याने ८.९० मीटर उडी मारली. आपल्या विद्यार्थिनीलाही तिसऱ्या प्रयत्नापूर्वी खूण निःसंकोच एक पाऊलभर मागे घेऊ द्यावी. अलीकडून घेतलेल्या उडीत अंतर थोडे कमी भरते, पण ती मोजली तरी जाते.

उत्तर ३ (शारीरिक शिक्षण विभाग, महाविद्यालय)

पावले आखडण्याची सवय मला फाऊलपेक्षा अधिक गंभीर वाटते. लांब उडीचा पाया वेग हाच आहे आणि शेवटच्या पावलांत वेग गमावला तर फळी अचूक सापडूनही उपयोग होत नाही. उपांत्य पाऊल किंचित लांब पडावे, त्या वेळी कंबर थोडी खाली यावी आणि शेवटचे पाऊल आखूड, झटपट व सपाट तळव्याने पडावे. टाच आपटली तर वेगाला ब्रेक लागतो आणि वाढत्या वयात टाच व गुडघा दुखावतो. हे सहा-आठ पावलांच्या छोट्या रन-अपवर शिकवावे, नजर खड्ड्याच्या पलीकडे ठेवून.

हिच किकबद्दल माझे मत स्पष्ट आहे : आता शिकवू नये. पाय फळी सोडतो त्या क्षणीच शरीराचा मार्ग ठरतो. हवेतील हालचाल फक्त शरीराला पुढे कोलमडण्यापासून सावरते आणि उतरताना पाय पुढे टाकायला मदत करते. साडेचार मीटरच्या उडीत हिच किक पूर्ण करण्याइतका वेळ हवेत मिळत नाही. साधी सेल (हवेत पाय पुढे घेऊन बसल्यासारखी) किंवा हँग (शरीर ताणून लटकल्यासारखी) पद्धत तिला पुरेशी आहे. पाय वाळूला लागताच गुडघे सैल सोडून कंबर पुढे नेण्याचा सराव द्यावा, कारण वाळूतील सर्वांत मागची खूण मोजली जाते आणि मागे टेकलेल्या हातामुळे वीस-तीस सेंटिमीटर सहज जातात.

प्रश्नकर्ते

आपणा सर्वांचे आभार. जवळपास सिंथेटिक ट्रॅक नाही. स्पर्धेच्या दिवशीच तो मिळतो. अशा वेळी माप कसे घ्यावे?

उत्तर १ (ॲथलेटिक्स प्रशिक्षक)

स्पर्धेपूर्वी सरावासाठी धावपट्टी खुली करतात, तेव्हा लवकर पोहोचा. मातीवरच्या मापात अर्धे पाऊल वाढवून पहिली धाव उडी न घेता खड्ड्यात सरळ जाऊ द्या, पाय कोठे पडला ते पाहून खूण तेवढीच मागे-पुढे करा आणि मग दुसरी धाव घ्या. ते माप, वाऱ्याची दिशा आणि कोणते बूट होते, हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या स्पर्धेत सुरुवात तेथूनच करता येईल.