झाडीपट्टीच्या नाटकाचे फोटो हलतात, लेन्स घेऊ की बॉडी बदलू?

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवी आहे. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स. आमच्या वडसा-ब्रह्मपुरी भागात, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की रात्ररात्र नाटकं चालतात, मला त्याचेच फोटो काढायचे आहेत. दिवसा शेतातले, बैलांचे फोटो याच कॅमेऱ्यावर छान येतात, पण रात्री स्टेजवर नट हलला की चेहरा पुसल्यासारखा दिसते.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. ५५ वर झूम केलं की लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) ५.६ च्या पुढे उघडतच नाही (आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ठेवला तरी शटरचा वेग १/६० सेकंदाच्या वर जात नाही अन् वरून दाणे दिसतात. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) काढले, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लावला, त्यानं माझा हात थांबला पण नट थोडीच थांबते! संवाद म्हणताना क्षणभर थबकतात तेव्हा क्लिक करून पाहिलं, शंभरातले दहाएक बरे आले, म्हणजे सराव कामाचा आहे हे पटलं. फ्लॅश मारणार नाही, कलाकारांना त्रास होते.

दुकानदार म्हणे फुल फ्रेमच (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या, पण माझं बजेट पंधरा हजार, सेकंड हँडही चालेल. ५० एमएम १.८ लेन्स घेतली तर हिशोबानं ५.६ पेक्षा नऊपटीच्या वर उजेड मिळते. मी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसतो. तिथून १.८ वर फोकस नीट लागते का, आणि शटर वाढवल्यावर एलईडी लाईटचे पट्टे येतात का? स्टेजचे फोटो काढणाऱ्या कोणी हे वापरून पाहिलं आहे का?