मूत्रपिंडावर काम केलेला शास्त्रज्ञ सेमिनारला हवाय. कार्ल बायर कसा वाटतो?

चौकस_फार्मा:
एम. फार्म., फार्माकॉलॉजी. सेमिनारला 'एका शास्त्रज्ञाची कारकीर्द' असा विषय आहे आणि माझ्या वाट्याला मूत्रपिंड आलंय. मूत्रपिंडाच्या फिजिऑलॉजीवाला होमर स्मिथ दरवर्षी कुणीतरी घेतंच. मला फिजिऑलॉजी आणि औषध दोन्ही एकाच माणसात हवंय. कार्ल बायर हे नाव मिळालं, पण जिथे बघावं तिथे 'थायाझाइडचे (लघवीवाटे मीठ-पाणी काढणाऱ्या औषधांचे) जनक' एवढंच. त्यावर वीस मिनिटं कशी काढू?

जुना_मास्तर:
बायरच घ्या, पण सुरुवात पेनिसिलिनपासून करा. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला ते इतकं दुर्मीळ होतं की पहिल्या रुग्णाच्या लघवीतून काढून पुन्हा त्यालाच टोचलं होतं. टोचलेलं औषध मूत्रपिंड काही तासांत बाहेर काढायचं. शार्प अँड डोम कंपनीतल्या बायरने ताडलं की मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळीच्या पेशी ते स्रवून टाकतात, मग त्याच वाटेवर गर्दी करावी. क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त साफ करतं, ते मोजायला आपण वापरतो ते पीएएच (पॅरा-अमिनोहिप्युरिक आम्ल) त्याच वाटेने जातं. ते भरपूर दिलं तर पेनिसिलिन रक्तात टिकतं, हे त्याने १९४४ मध्ये छापलं. फक्त पीएएच शिरेतून ग्रॅमच्या ग्रॅम सोडावं लागे. मग त्याच कामाचं कॅरिनामाइड आलं, त्याचेही डोस अवाढव्य. प्रोबेनेसिड हातात यायला १९५१ उजाडलं, तोवर पेनिसिलिन मुबलक झालेलं. वरातीमागून घोडं! पण युरिक आम्ल परत शोषलं जाणं हेच औषध अडवतं, त्यामुळे गाउटवर (युरिक आम्ल साठून सांधे दुखतात त्या आजारावर) चाललं.

थायाझाइडची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिथे लघवीत काय मोजायचं हाच खरा निर्णय होता. जंतूंवरचं सल्फानिलामाइड घेणाऱ्यांची लघवी अल्कधर्मी होते हे माहीत होतं. ते मूत्रपिंडातलं कार्बॉनिक अॅनहायड्रेज हे एन्झाइम अडवतं, आणि ते अडलं की सोडियम बायकार्बोनेटला घेऊन बाहेर पडतं. लघवी वाढवणारं अॅसिटाझोलामाइड त्यातूनच आलं. पण बायकार्बोनेट गेल्यावर रक्ताची आम्लता वाढते आणि काही दिवसांत औषधाचा जोर ओसरतो. बायर हटून बसला की सोडियमबरोबर क्लोराइड गेलं पाहिजे, म्हणजे मीठच गेलं पाहिजे. म्हणून कुत्र्यांच्या लघवीत क्लोराइड बघायचं. त्यातून मिळालेलं पहिलं थायाझाइड, क्लोरोथायाझाइड, ते एन्झाइम अॅसिटाझोलामाइडपेक्षा कमी अडवतं, तरी मीठ जास्त बाहेर काढतं. नुसत्या एन्झाइमच्या आकड्यावर निवड केली असती तर ते बादच झालं असतं.

आणि हे मोजणं दिसतं तितकं सरळ नसतं. पीएचडीला मी रॅट्सवर क्लिअरन्स करायचो. दहा-दहा मिनिटांची लघवी, मधोमध रक्ताचा नमुना, मग यू (लघवीतलं प्रमाण) गुणिले व्ही (मिनिटाला किती लघवी) भागिले पी (रक्तद्रवातलं प्रमाण). कॅथेटरची नळी मी सोयीसाठी हातभर लांब ठेवली होती. तिच्यात शंभरेक मायक्रोलिटर मावत, आणि जनावर दहा मिनिटांत जेमतेम तेवढंच देई. म्हणजे बाटलीत पडणारी लघवी आधीच्या दहा मिनिटांची! औषधानंतरच्या पहिल्या रकान्यात मी तीन आठवडे 'परिणाम नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहीत होतो. गाईड काही बोलले नाहीत. नळीवर पेनने रेघ मारून वहीवर ठेवून गेले. तिथून कापली.

बेंझीनवाला:
मास्तर, रसायनवाल्यांना नेहमीसारखं विसरलात. थायाझाइडसाठीचा १९७५ चा लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा पुरस्कार चौघांना आहे: बायर, स्प्रेग, बेअर आणि नोव्हेलो. क्लोरोथायाझाइडचं वलय नोव्हेलोच्या हातून बंद झालं. डायसल्फोनामाइडवर फॉर्मिक आम्ल घातलं, अपेक्षा वेगळ्याच पदार्थाची होती, निघालं बेंझोथायाडायाझिन, म्हणजे थायाझाइडचा सांगाडा. नको तो पदार्थ आम्ही तरी सिंकमध्ये ओतला असता.

नेफ्रो_रात्रपाळी:
त्यात भर. १९५८ मध्ये औषध बाजारात आलं तेव्हा ते नेमकं कुठे चिकटतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मूत्रपिंडाच्या डिस्टल (शेवटाकडच्या) नळीतल्या सोडियम-क्लोराइड वाहकाचं जनुक १९९३ मध्ये हाती लागलं, तेही विंटर फ्लाउंडर माशाच्या मूत्राशयातून. म्हणजे बायर निघाला एन्झाइमच्या मागे आणि पोचला भलतीकडेच. पण पोचला. त्याआधी लघवी वाढवायला पाऱ्याची इंजेक्शनं द्यायचे, हे विसरू नका.
(अवांतर: वयस्कर रुग्ण गोंधळलेला आला आणि रक्तातलं सोडियम ११८ (म्हणजे फारच कमी) निघालं की मी आधी गोळ्यांच्या पिशवीत थायाझाइड शोधतो.)

चौकस_फार्मा:
बेंझीनवाला, नोव्हेलोला वेगळी स्लाइड, नक्की. मास्तर, पहिल्या स्लाइडवर १९४१ ची लघवीची बाटली टाकली तर चालेल?

जुना_मास्तर:
खुशाल टाका. फक्त त्याआधी यू, व्ही आणि पी म्हणजे काय, कोणत्या एककात, ते फळ्यावर लिहून ठेवा. परीक्षक तिथेच धरतात.